पहिल्याच्या आड दुसरं

कितीतरी वर्षं औषधं घेतल्यावर लुबनाला दिवस गेले होते. गेल्याच आठवड्यात सोनोग्राफीत गर्भपिशवीतल्या बाळाचे ठोके दिसले, म्हणून त्या सकाळी तिचं पोट दुखायला लागलं तेव्हा तिचा नवरा नबील फारसा घाबरला नाही. बिलोलीतल्या डॉक्टरांनी पित्ताचं औषध दिलं. दुपारी मात्र ती ओट्यापाशी उभ्याउभ्याच कोसळली. शुद्धीवर आली तर म्हणाली, पोटापेक्षा खांदाच जास्त ठणकून राहिलाय. ओठ पांढरेफटक पडले होते.

नबीलनं सीटकव्हरचं दुकान तसंच उघडं टाकलं, शेजाऱ्याची गाडी मागितली आणि आई अमीरबीला सोबत घेऊन नांदेडची वाट धरली. वाटेत नरसीच्या पुढं लुबना हाकेला ओ देईना. अमीरबी तिचे गाल थोपटत राहिली. नबीलला मागं वळून बघायचा धीर होत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टर श्रद्धांनी सोनोग्राफी केली. पिशवीतलं बाळ ठीक होतं, ठोके चालू होते. अमीरबीनं अल्लाचे आभार मानले. पण डॉक्टरांचा हात थांबेना. त्या पोटाच्या कडेकडेनं बघत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलला.

"दोन गर्भ आहेत," त्या म्हणाल्या. "एक पिशवीत, दुसरा बाजूच्या गर्भनळीत. नळी फुटलीय, पोटात रक्त साचलंय, खांदाही त्यानंच दुखत होता. असं फार क्वचित होतं. एक जागेवर दिसला की दुसऱ्याची शंकाच येत नाही."

अमीरबीनं विचारलं, ऑपरेशन केलं तर पिशवीतल्याचं काय? त्याची हमी देता येत नाही, डॉक्टर म्हणाल्या. पण थांबलो तर आईच हातची जाईल.

नातवासाठी दर्ग्यादर्ग्यात मन्नत मागितलेल्या आईकडं नबीलनं भीतभीत पाहिलं.

"माझ्या पोरीला वाचवा," अमीरबी म्हणाली. "दुसरं काही मागून नाही राहिले."

लुबनाला आत नेलं. रक्ताच्या पिशव्या आत जात होत्या, बाहेर कुणी काही सांगत नव्हतं. दार हललं की नबील उठून उभा राहायचा. अखेर डॉक्टर आल्या. नळी काढली होती, लुबना वाचली होती. बाळाचं उद्या कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर तो इवलासा ठिपका लुकलुकताना दिसला. अमीरबी रडायला लागली. लुबनानं हलकेच नबीलला विचारलं, "दुसरं कोणत्या बाजूला होतं?"

त्यानं दाखवलं. तिनं तिथं हात ठेवला.