शाळेसमोरच्या वळणातला सांधा

मित्रांनो, तुम्ही रोज ज्या रस्त्याने शाळेत जाता, त्याच रस्त्याखाली माणूसभर खोल मी पडून आहे. मी एक जुनी पोलादी गॅसवाहिनी आहे. माझे एक टोक गॅसच्या साठ्यापाशी आहे आणि दुसरे काचेच्या कारखान्याच्या भट्टीपाशी. मला कोणी भित्री म्हटले तरी राग येणार नाही. ही भीती माझ्या अंगात कशी शिरली, तेच आज सांगते.

मला तुकड्यातुकड्यांनी चरात उतरवले गेले. ते तुकडे जोडणाऱ्या वेल्डरला सगळे ठिणगीमामा म्हणत. त्याच्या सांध्यावरून बोट फिरवले तर जोड कुठे आहे ते कळत नसे. पण शाळेसमोरच्या वळणावर काम आले, त्या दिवशी त्याची बायको दवाखान्यात बाळंतपणात अडली होती. मामाचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याने सांधा कसाबसा उरकला आणि आत एक बारीक पोकळी राहून गेली. एक्स-रे काढून सांधे तपासणारा माणूस त्या दिवशी आला नव्हता. मुकादम म्हणाला, "तुझं काम म्हणजे बघायलाच नको. पळ तू." कागदावर 'ठीक' असे लिहिले गेले आणि माझ्यावर माती पडली. मामाला मुलगी झाली, हे दुसऱ्या दिवशी तो चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सांगत सुटला होता.

पुढे तीस वर्षे मी गॅस वाहिला. भट्टी एक दिवसही विझू दिली नाही. ती पोकळी कधी दुखली नाही आणि माझी आठवणही कोणाला राहिली नाही.

मग एक नवी योजना आली. कारखान्याच्या कुंपणाशी माझ्या मुख्य झडपेची खोली आहे. तिथल्या टेबलावर नकाशे पसरले गेले. योजना आखणारी इंजिनिअर म्हणजे मामाचीच मुलगी. कामगार तिला ताई म्हणत.

"भट्टीचा कार्बन कमी करायचा, तर गॅसऐवजी हायड्रोजन जाळायला हवा," ती व्यवस्थापकांना सांगत होती. "आणि तो याच लाइनमधून आणता येईल का, ते बघायचंय. हायड्रोजन फार बारीक असतो. पोलादात शिरतो, त्याला ठिसूळ करतो. आधीच कुठे पोकळी असेल, तर तिथून तडा जाऊ शकतो."

ते ऐकले आणि माझ्या पोलादात कापरे भरले.

"मग तपासा की," व्यवस्थापक म्हणाले.

"बाकी सगळीकडे तपासलं. शाळेसमोरच्या वळणात मात्र आतून फिरणारं तपासणीचं यंत्र अडकतं. तिथे जुन्या कागदांवरच विसंबावं लागेल."

"आणि कागद काय म्हणतात?"

"सगळं ठीक."

मित्रांनो, मला ओरडायचे होते! त्याच क्षणी शाळा सुटली आणि शेकडो पावले माझ्यावरून धावत गेली. एकेक पाऊल मी मोजत होते. तडा गेला तर? एक ठिणगी उडाली तर?

सह्या करण्याआधी ताईने वडिलांना बोलावून घेतले. काठी टेकत मामा आला.

"बाबा, या वळणातले सांधे तुमच्या हातचे ना? मग मला काळजी नाही," ती हसून म्हणाली.

मामाने नकाशा पाहिला. त्याने शाळेसमोरच्या वळणावर बोट ठेवले.

"सही करू नकोस, पोरी."

"का? काय झालं?"

"तो एक सांधा कच्चा आहे. तुझ्या जन्माच्या दिवशीचा. एक्स-रे झालाच नव्हता. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता तीस वर्षं गेली. लाज वाटायची. तू इंजिनिअर झाल्यावर तर तुझ्याही नावाला डाग लागेल, अशी भीती वाटत होती."

 ताईने पेनाला टोपण लावले. "बाबा, मी आता सही करणार होते हो," ती म्हणाली. 

काम सहा महिने लांबले. व्यवस्थापक चिडले, पण वळण खणले गेले. मामा खुर्ची टाकून चराच्या काठावर बसे. त्याने शंका असलेले आणखी दोन सांधे आपणहून दाखवले. कापून नेलेला तो सांधा हायड्रोजनच्या चाचणीत खरोखर तडकला.  मग ते वळणच रद्द झाले. शाळेपासून दूर, मोकळ्या माळावरून नवी वाहिनी टाकून माझे दोन्ही तुकडे जोडले गेले.

उरलेल्या मला उद्या कमी दाबाने पहिला हायड्रोजन मिळणार आहे. माझा सांधा न सांधा तपासला आहे, तरी धास्ती गेलेली नाही. ताईही घाबरलेली आहे. आज तिने मोजमापाचे काटे तिसऱ्यांदा तपासले.

मित्रांनो, तुमच्या हातून काही कच्चे राहून गेले, तर ते मातीखाली दडवू नका. वेळेत सांगा. आणि कोणी कापऱ्या आवाजात सांगायला आले, तर त्याच्यावर खेकसण्याआधी त्याला बसायला खुर्ची द्या.