एक्सेसच्या आतले पोचे

गवीपुरमपासून जयनगरपर्यंतच्या बायका अहल्याला तिच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवरून ओळखत नसत, एकमेकींच्या तोंडून ओळखत. "गाडी शिकायचीय? अहल्याक्काकडे जा. ओरडत नाही." तिचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्या मुरलेलं होतं की बोलताना मराठी कुठे संपतं आणि कन्नड कुठे सुरू होतं, हे तिचं तिलाच कळत नसे. चाळिशी उलटली होती. "हिनं लग्न नाही केलं, गाडी केली," असं तिची आई सोयराबाई आल्यागेल्याला सांगे.

१९९७च्या उन्हाळ्यात जयनगरच्या एका सिग्नलला तिची निळी मारुती उभी होती. स्टिअरिंगवर दिव्यश्री नावाची कॉलेजातली मुलगी होती, शिकून जेमतेम आठवडा झालेला. दिवा लाल होता. डावीकडच्या गल्लीतून एक पांढरी एस्टीम कोपरा कापत आली आणि मारुतीच्या नाकावर आदळली. एस्टीमचा दिवा फुटला, बॉनेट वर उचललं गेलं.

एस्टीममधला माणूस उतरला तोच इंग्रजीत ओरडत. नंतर हिंदीत. अहल्या दिव्यश्रीला "भिऊ नको गं, तुझं काही चुकलं नाही," म्हणाली ते त्यानं ऐकलं आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"तुम्ही मराठी? मग तर घरातल्या घरात मिटवू. मी उपेंद्र. पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"मिटवायचं काय? तुम्ही धडकलात."

"मॅडम, तुमच्या स्टिअरिंगवर शिकाऊ मुलगी. माझ्याकडे दहा वर्षांचं लायसन्स. आरटीओत कुणाचं ऐकतील?" तो हसला. मग लहान मुलाला समजवावं तसं सांगू लागला, "इन्शुरन्समध्ये एक्सेस म्हणून प्रकार असतो. नुकसान कितीही होवो, पहिली ठरावीक रक्कम मालकानं सोसायची, वरचं कंपनी देते. हप्ता कमी बसावा म्हणून मी एक्सेस मुद्दाम मोठा घेतलाय. पाच हजार. तेवढे माझ्या खिशातून जाणार. ते तुम्ही भरा, मी तक्रार करत नाही. नाहीतर तुमच्या स्कूलचं परमिट सांभाळा."

अहल्या दोन दिवस भांडली. तिसऱ्या दिवशी दिव्यश्रीचे वडील येऊन म्हणाले, "अक्का, आमच्या पोरीला जबाब द्यायला कुठे नेऊ नका." एकुलती एक साक्षीदार गेली. अहल्यानं दुसरी गाडी घेण्यासाठी साठवलेल्यातून पाच हजार काढले आणि त्याच्या हातात ठेवले. त्यानं मोजून घेतले आणि म्हणाला, "शिकवता ते जरा नीट शिकवत जा."

एवढ्यावर थांबला असता तर कदाचित ती विसरली असती. पण त्याच्या कॉलनीतल्या तीन बायका तिच्याकडे शिकत होत्या. पुढच्या पंधरवड्यात तिघीही यायच्या बंद झाल्या. एकीनं चाचरत सांगितलं, "तुमच्या गाडीनं ठोकलं ना एका साहेबांना? आमच्या यांना समजलं." वीस वर्षांत अहल्याच्या गाडीला ओरखडा नव्हता. त्या रात्रीपासून तिला जेवताना, न्हाताना, देवाला दिवा लावताना नोटा मोजणारा त्याचा अंगठा दिसू लागला. "जाऊ दे गं," सोयराबाई म्हणायची. जाऊ द्यायचं नाही, एवढंच अहल्याचं ठरलेलं होतं. कसं, ते माहीत नव्हतं.

ते दिवाळीनंतर आपणहून दारात आलं.

शुभदा नावाची तिशीतली बाई होती. पुण्याला केमिस्ट होती, लग्न होऊन इथे आल्यापासून घरी. शहराबाहेर होसकोट्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला जागा मिळण्यासारखी होती. "पण आमचे हे म्हणतात, जाणार कशी? गाडी मला द्यायची नाही. म्हणतात, तुझं डोकं त्यात चालणार नाही. आता ते तीन महिन्यांसाठी अमेरिकेला गेलेत. गाडी घरीच आहे. ते यायच्या आत मला शिकायचंय. आमच्याच गाडीवर शिकवाल? मला तीच चालवायचीय पुढे."

"सरी, ठीक. उद्या येते," अहल्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शुभदानं गाडीवरचं कापड ओढलं आणि खाली पांढरी एस्टीम निघाली. नंबर बघायची गरज नव्हती; पुढचा एक दिवा नवा बसवलेला होता. अहल्या उभी राहिली. परत जावं, असंही तिला क्षणभर वाटलं.

"काय झालं, अक्का?"

"काही नाही. बस. आरसा आधी."

पहिला पोचा खरोखरच चुकून पडला. फाटकातून मागे घेताना शुभदानं खांबाला मागचं दार घासलं. ती रडकुंडीला आली. अहल्यानं तिला ओळखीच्या गॅरेजवर नेलं. तिथल्या माणसानं तीनेक हजार सांगितले.

"विम्यातून मिळतील ना?" अहल्यानं विचारलं.

"कुठले! यांनी एक्सेस पाच हजारांचा घेतलाय. त्याच्या आतलं नुकसान म्हणजे सगळं आपलंच. कंपनी एक पैसा देत नाही."

अहल्या त्या पोच्याकडे बघत राहिली. तीन हजारांचा पोचा. कंपनी एक पैसा देत नाही. असेच आणखी पडले तर? सगळे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी, सगळे पाच हजारांच्या आतले?

"आत्ता दुरुस्त नको करू," ती म्हणाली. "शिकताना आणखी लागेल. शेवटी एकदम बघू."

शहराच्या कडेच्या एचएसआर लेआउटला तेव्हा रस्ते आखलेले होते आणि घरं जवळपास नव्हती. शिकायला याहून चांगली जागा नाही. अहल्याच्या स्वतःच्या गाडीत तिच्या पायापाशी दुसरा ब्रेक होता. एस्टीममध्ये फक्त मधला हँडब्रेक. आजवर तिचा उजवा हात, शिकणारीच्या बाजूचा, कायम तिथे असायचा. आता तो मांडीवर पडून राहू लागला. वेग अगदी कमी असे, माणूस जवळपास नसे, हे ती पाहून घेई. मग शुभदा वळण उशिरा घेई, आणि अहल्या एक श्वास उशिरा "ब्रेक" म्हणे. दिव्याच्या खांबानं पुढचा बंपर आत गेला. कोपऱ्यावरच्या सीमेच्या दगडानं डाव्या दाराखाली रेघ ओढली. बांधकामाच्या विटांच्या ढिगानं मागचा दिवा गेला. प्रत्येक आवाजासरशी अहल्याच्या छातीत काहीतरी गोड उलगडे. घरी जाऊन ती पोटभर जेवे.

"मला जमणार नाही बहुतेक," शुभदा एकदा स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाली. "ते म्हणतात तेच खरं."

अहल्याला ते लागलं. पण तिनं फक्त एवढंच म्हटलं, "स्वल्प दम धर. होईल."

आणि झालंही. लायसन्सच्या परीक्षेला शुभदा निळ्या मारुतीत बसली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. इतकी सहज की घरी परतताना ती पुन्हा पुन्हा अहल्याच्या हाताकडे बघत होती.

उपेंद्र फेब्रुवारीत परत आला. गाडी पाहून तो आधी बायकोवर बरसला, मग विम्याच्या ऑफिसात गेला. सगळं नुकसान मिळून पंधरा-सोळा हजारांचं होतं. एकच अपघात म्हणून त्यानं क्लेम लावला. पाहणीला आलेल्या सर्व्हेयरनं गाडीभोवती एक फेरी मारली. एका पोच्यात विटेची पूड होती, दुसऱ्यात गंज धरलेला, तिसरा गाडीच्या भलत्याच बाजूला. "साहेब, हे एका वेळचं नाही. जितक्या वेळा ठोकली तितके वेगळे क्लेम, आणि प्रत्येकात पहिले पाच हजार तुमचे. म्हणजे मिळायचं काही नाही."

संध्याकाळी तो त्याच गाडीतून शुभदाला घेऊन अहल्याच्या स्कूलच्या शेडपाशी आला. कुठली बाई शिकवत होती हे त्यानं घरी विचारून घेतलं होतं. समोर अहल्याला पाहिलं आणि सगळं एका क्षणात त्याच्या ध्यानात आलं.

"तुम्ही! मुद्दाम केलंत हे. सगळे पैसे तुम्ही भरणार."

अहल्या खुर्चीतून उठली नाही. या घटकेची तिनं कितीतरी वेळा उजळणी केली होती.

"साहेब, एक्सेस म्हणून प्रकार असतो," ती सावकाश म्हणाली. "पहिली ठरावीक रक्कम मालकानं सोसायची. तुम्ही तो मुद्दाम मोठा घेतलाय. मागच्या वेळी तो मी भरला. या वेळी तुमचा तुम्ही भरा. आणि प्रत्येक ठोकरीचा वेगळा, बरं का."

"मागच्या वेळी म्हणजे?" शुभदानं विचारलं.

"लाल दिव्याला उभ्या असलेल्या माझ्या गाडीवर हे येऊन आदळले. धमकी देऊन माझ्याकडून पाच हजार नेले. आणि तुमच्या कॉलनीत सांगितलं, मी ठोकलं."

शुभदा नवऱ्याकडे वळली. "तू मला सांगितलं होतंस, एका बाईनं सिग्नल तोडला."

"ते आत्ता महत्त्वाचं नाही!" उपेंद्र लालबुंद झाला होता. "तू सांग. पोलिसात सांग, या बाईनं तुला मुद्दाम ठोकायला लावलं. हँडब्रेक हिच्या हातात होता!"

शुभदानं अहल्याकडे पाहिलं. अहल्याला जाणवलं, हिला कळलंय. कदाचित परीक्षेच्या दिवशीच कळलं होतं.

"गाडी मी चालवत होते," शुभदा म्हणाली. "चूक माझी."

उपेंद्र शेडचं दार आपटून निघून गेला. गाडी नि किल्ली तिथेच सोडून, रिक्षानं. त्याचा चेहरा अहल्याला पुढे कित्येक दिवस पुरला. पण शुभदा गेली नाही. ती तिथेच उभी होती.

"माझ्यासाठी खोटं बोललीस," अहल्या म्हणाली.

"तुमच्यासाठी नाही, अक्का. तुम्ही ठोकायला लावलं म्हटलं असतं, तर त्या घरात पुन्हा तेच, की मला काहीच करता येत नाही. साधी गाडी ठोकतासुद्धा येत नाही." ती एक पाऊल पुढे आली. "मी रडत होते आणि तुमचा हात मांडीवर होता. तुमचा राग त्याच्यावर होता, मग माझ्याशी का तसं वागलात?"

पोचे पाडल्याचं अहल्याला वाईट वाटत नव्हतं, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मात्र स्टिअरिंगवर टेकलेलं ते डोकं तिला आठवलं आणि तिनं नजर खाली केली.

"सोमवारी मला होसकोट्याला मुलाखतीला जायचंय," शुभदा म्हणाली. "लॉऱ्यांच्या रस्त्यावर मी कधी गेले नाही. शेजारी बसायला या. फी देणार नाही."

सोमवारी अहल्या गेली. पोचे पडलेली एस्टीम जुन्या मद्रास रस्त्याला लागली. के. आर. पुरमच्या पुढे लॉऱ्या दोन्ही अंगांनी कानठळ्या बसवत जाऊ लागल्या. अहल्याचा हात आपोआप हँडब्रेककडे गेला.

"हात मांडीवर," शुभदा समोर बघत म्हणाली.

अहल्यानं हात मागे घेतला. पुढचा सगळा रस्ता ती पदराचं टोक मुठीत धरून बसली. एक टँकर आडवा आला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शुभदा शांतपणे गियर बदलत होती.

कारखान्याच्या फाटकाशी गाडी थांबली. शुभदा उतरली, साडी सारखी केली, दार लावलं.

"मला संध्याकाळ होईल. तुम्ही बसनं जा, अक्का."

"एवढ्या लांब आणून बसनं?"

"स्टँड मागच्या चौकात आहे. उन्हात थोडं चालावं लागेल." आणि किल्ली पर्समध्ये टाकून ती आत गेली, मागे न बघता.

अहल्या रस्त्याच्या कडेला उभी राहिली. आधी तिला संताप आला, मग हसू. पायांत साध्या चपला होत्या आणि डांबर तापलेलं होतं. पदर डोक्यावर घेऊन ती चौकाच्या दिशेनं चालू लागली.