फिल्मखालचा निळा रंग

चष्म्याच्या दुकानात बसून त्याने आयुष्यभर लोकांना काचेवरचं कोटिंग विकलं होतं. ‘ओरखडे पडणार नाहीत ना?’ असं गिऱ्हाइकाने विचारलं की तो न चुकता म्हणायचा, ‘लवकर पडणार नाहीत.’ त्या ‘लवकर’वरच त्याचा संसार उभा होता. त्यामुळे नव्या गाडीच्या रंगाला वरून काय लावून घ्यावं हे विचारायला तो स्वतः गिऱ्हाईक होऊन गेला, तेव्हा समोरच्या माणसाच्या तोंडून हा शब्द कधी बाहेर पडतो याचीच तो वाट बघत बसला.

समोरचा माणूस गाड्यांना कोटिंग करणारा. जाडजूड, हळू बोलणारा, बोलताना हातातल्या फडक्याची घडी घालणारा आणि मोडणारा. त्याने भिंतीवर एक जुनं बॉनेट टांगून ठेवलं होतं आणि त्याचे तीन पट्टे करून प्रत्येकावर वेगळं काहीतरी लावलं होतं.

“हे मेण. चकाकी मस्त, पण दोन-तीन महिन्यांत उतरतं. हे सिरॅमिक. पाणी, धूळ टिकत नाही, धुवायला सोपं. आणि ही फिल्म. पारदर्शक, जाड. रस्त्यावरचा खडा उडून आला तरी मार फिल्म खाते, रंग नाही.”

“आणि ओरखडे?”

“मेणावर पडणार. सिरॅमिकवर बारीकसारीक पडणार नाहीत...” तो थांबला. “लवकर नाही पडणार.”

चष्मेवाल्याला हसू आलं. गाडी गडद निळी होती. दुकान बंद करून घरी येताना रस्त्यातल्या दिव्यांखाली ती कशी दिसते हे बघायला तो मुद्दाम लांबच्या रस्त्याने यायचा. गडद रंगावर बोट फिरवलं तरी रेघ दिसते हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तरीही त्याला ठरवता येईना. मेण लावावं तर पुन्हा पुन्हा यावं लागणार, सिरॅमिकने खड्याचा बंदोबस्त होत नाही, फिल्म लावावी तर नव्या गाडीला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्यासारखं. “विचार करून सांगतो,” म्हणून तो परत आला.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “लग्नाच्या वेळी एका भेटीत हो म्हणालास. गाडीच्या बॉनेटला मात्र आठवडा लागतोय.”

“तुझ्यावर ओरखडे पडण्याची भीती नव्हती.”

“हां, मीच पाडणार होते.”

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून दोघांकडे बघत हसत होती. आपण कशाला हसतोय हे तिला कळत होतं असं नाही, पण बाकीचे हसले की ती हसायची. गेल्या वर्षापासून तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली होती. आधी गॅस बंद करायचं, मग शेजारणीचं नाव, मग आपला नवरा आता नाही हे. डॉक्टर म्हणाले होते, हे मागे फिरणारं दुखणं नाही, सांभाळायचं. एक गोष्ट मात्र तिच्या हातातून गेली नव्हती. तरुणपणापासून तिने एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं, आणि तिथल्या मोठ्या पातेल्यांच्या बुडाला तिने कधी काळं राहू दिलं नाही. घरातलं एखादं भांडं सापडलं की ती अजूनही तारेची घासणी घेऊन बसायची. बायको म्हणायची, घासू दे, तेवढी शांत असते.

त्या दुपारी बायको औषधं आणायला कोपऱ्यापर्यंत गेली होती. चष्मेवाला जेवायला घरी आला आणि फाटकातच थबकला. आई गाडीपाशी उभी होती. पायाशी बादली, कोपरापर्यंत फेस, साडीचा पदर खोचलेला. आणि ती सगळं अंग वापरून, वाकून, बॉनेट घासत होती.

“आई!”

तिने मान वर केली. चेहरा घामाने चमकत होता. कितीतरी दिवसांत त्याने तिला इतकं खूश बघितलं नव्हतं.

“बघ रे, किती काळं करून ठेवलं होतं कुणीतरी. आता निघायला लागलंय.”

खरंच निघायला लागलं होतं. मधोमध गोल गोल ओरखड्यांचं जाळं पडलं होतं, आणि एका जागी निळा रंग जाऊन खालचा राखाडी थर दिसत होता. त्याच्या तोंडात शब्द आले होते. कसले ते त्याचं त्यालाच माहीत. पुढे होऊन त्याने तिच्या हातातली घासणी ओढून घेतली, जरा जोरातच. तिची बोटं गार पडली होती, पाण्याने सुरकुतली होती.

“चुकलं का रे माझं काही?” ती हळूच म्हणाली.

“नाही, आई.”

“मग घेतलीस का?”

त्याने तिचा हात धरून तिला आत नेलं. बायको आली तेव्हा तो स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभा होता, घासणी अजून मुठीत.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन कोटिंगवाल्याकडे गेला. कोटिंगवाल्याने बॉनेटवर बॅटरीचा प्रकाश टाकला, वाकून बघितलं आणि मधल्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला.

“पॉलिश करून जाईल?” चष्मेवाल्याने विचारलं.

“कडेचे जातील. पॉलिश म्हणजे तरी काय, वरचा पारदर्शक थर थोडा घासूनच काढायचा. मधला भाग मात्र खालपर्यंत गेलाय. बॉनेट नव्याने रंगवावं लागेल. आणि रंग पक्का व्हायला वेळ द्यावा लागेल, त्याआधी वर काहीच लावता येत नाही.” मग सरळ होत त्याने विचारलं, “कुणी केलं साहेब? कुणाशी भांडण आहे का?”

“नाही.” चष्मेवाला भिंतीवरच्या तीन पट्ट्यांकडे बघत राहिला. “यातलं आईपासून वाचवणारं कुठलं?”

बोलून गेल्यावर त्याला स्वतःचीच शरम वाटली. कोटिंगवाल्याने फडक्याची घडी घातली.

“वय झालंय का त्यांचं?”

“नुसतं वय नाही. विसरते ती.”

“फिल्म लावा,” तो म्हणाला. “तारेची घासणी फिरली तर फिल्म खराब होणारच, मी खोटं नाही सांगणार. पण फिल्म काढून दुसरी लावता येते. खालचा रंग तसाच राहतो.”

अशा रीतीने ठरलं. गाडी कोटिंगवाल्याच्या शेडमध्ये राहिली. इकडे घरातल्या सगळ्या घासण्या चष्मेवाल्याने गोळा केल्या आणि कपाटाच्या वरच्या खणात टाकल्या. त्याला वाटलं, प्रश्न मिटला.

आईने पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातले सगळे डबे उघडून बघितले. नंतर ती घरभर फिरायला लागली. गाद्या उचलायची, चपलांचं कपाट उपसायची. “काय हवंय?” विचारलं तर सांगता यायचं नाही, नुसता हात गोल गोल फिरवून दाखवायची. बायकोने तिला मऊ स्पंज दिला. आईने तो दाबून बघितला आणि परत केला. “यानं काय निघतंय?” जेवण कमी झालं. दुपारची झोप गेली. बायको एकदा चिडून म्हणाली, “तिला दे ती घासणी. गाडी तर नाहीच आहे घरी.” पण तोवर गाडी यायची वेळ झाली होती, आणि त्याने काही ती काढून दिली नाही.

गाडी घरी आली ती आरशासारखी. फिल्म आहे हे सांगितल्याशिवाय कळणार नाही इतकी चोख बसवली होती. त्याने बायकोला बाहेर बोलावून दाखवलं. तिने कौतुक केलं. दोघं आत आले, तर न्हाणीघरातून खसखस असा आवाज येत होता.

आई पाटावर बसली होती. हातात पाय घासायचा खरबरीत दगड होता, आणि डावा हात तिने मनगटापासून कोपरापर्यंत घासून लाल करून ठेवला होता. वयाने पडलेले तपकिरी डाग होते तिथे, त्यांच्यावर ती दगड चालवत होती. एका ठिकाणी रक्त आलं होतं.

“जात नाहीत रे,” ती रडवेली होऊन म्हणाली. “केव्हाची घासतेय. काळं जातच नाही.”

बायकोने दगड काढून घेतला. चष्मेवाला मलम आणायला धावला, आणि मलम शोधता शोधता तो मधेच कपाटापाशी उभा राहिला. डोक्यात नुसता गोंधळ झाला होता. काचेवर कोटिंग असतं, गाडीला फिल्म असते, या माणसाला काय लावायचं?

हात बरा होऊन पट्टी निघाली त्या सकाळी त्याने वरच्या खणातून घासणी काढली, बादलीत साबण कालवला आणि आईला गाडीपाशी नेलं.

“आई, बघ ना, किती काळी झालीय.”

तिने बॉनेटकडे बघितलं. मग पदर खोचला.

बायको खिडकीतून बघत होती. ती बाहेर आली नाही. घासणीचा पहिला फटकारा फिल्मवर उमटला तेव्हा त्याने तोंड फिरवलं, पण मग तोही तिथेच पायरीवर बसून राहिला. रोज सकाळी हेच व्हायला लागलं. बॉनेट धुरकट झालं, मग पांढुरकं. शेजारी विचारायचे, “गाडीला काय झालं हो?” तो म्हणायचा, “काही नाही, चालू आहे काम.” आई जेवायला लागली. दुपारी झोपायला लागली. एक-दोनदा तिने त्याला त्याच्या नावाने हाकही मारली.

मग एका सकाळी तो तिला घेऊन गेला, बादली ठेवली, घासणी तिच्या हातात दिली, आणि ती तशीच उभी राहिली. घासणी उलटसुलट करून बघितली. बोटांनी दाबली. मग ती त्याच्यापुढे धरली.

“हे घ्या बाबा. कुणाचं तरी राहिलंय इथं.”

“तुझंच आहे, आई.”

“माझं?” ती अदबीने हसली, परक्या माणसाशी हसावं तशी. “नाही हो. माझं नाही.”

त्याने तिचा हात धरून घासणी बॉनेटवर ठेवली, गोल फिरवून दाखवली. तिचा हात त्याच्या हाताबरोबर फिरला आणि त्याने सोडला तसा थांबला. त्याने पुन्हा फिरवला. पुन्हा थांबला. साबणाचा फेस बॉनेटवरून ओघळून खाली फरशीवर उतरत होता. शेवटी ती म्हणाली, “मला बसायचंय,” आणि तो तिला आत घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात कोटिंगवाल्याने गरम हवेच्या यंत्राने ती फिल्म सोडवली. एका कोपऱ्यापासून सावकाश ओढत त्याने ती पूर्ण काढली आणि बाजूला टाकली. खालचा निळा रंग होता तसा होता.

“बघा,” तो म्हणाला. “एक रेघ नाही.”

चष्मेवाला वाकून बघत राहिला. कोटिंगवाल्याने दोनदा विचारलं, नवीन कुठली लावायची, तीच की जास्त जाडीची. त्याने ऐकलं की नाही कळलं नाही. तो म्हणाला, “आता नको,” आणि चाव्या घेतल्या.

घरी बायको आईला भरवत बसली होती. आज सकाळपासून आईने तोंड उघडलं नव्हतं. चष्मेवाल्याने हात धुतले, बायकोच्या हातातून चमचा घेतला आणि समोर बसला.

“आई, आ कर,” तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला.