बारा सेकंदांची धूळ

स्टुडिओतल्या मुंगीने अकरा दिवस खपून धूळ केली होती. खरी धूळ नव्हे, पडद्यावरची. फिल्ममधली बाई वीस वर्षं बंद असलेली खोली उघडते, खिडकीतून उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात धूळ तरंगते, एवढाच तो बारा सेकंदांचा तुकडा. पण शूटिंगवाल्यांनी खोली इतकी घासूनपुसून ठेवली होती की धूळ औषधालाही सापडेना. म्हणून ती कॉम्प्युटरवर बनवायची.

त्यासाठी तिने घरी खिडकीपाशी गाद्या झोडपल्या, आईची बोलणी खाल्ली आणि तासन्‌तास नुसती बघत बसली. धूळ सरळ खाली पडत नाही, रेंगाळते. माणूस जवळून गेला की क्षणभराने त्याच्यामागे वळते. सावलीत शिरली की दिसेनाशी होते. हे सगळं तिने पडद्यावर उतरवलं. स्टुडिओच्या साहेबांनी शब्दच दिला होता, "या वेळी शेवटच्या नामावलीत तुझं नाव नक्की." नोकरीच्या चार वर्षांत ते एकदाही आलं नव्हतं.

आज दिग्दर्शिकाबाई बघायला आल्या. फिल्म संपली, नामावली सरकली आणि धुळीच्या कामापुढे नाव झळकलं ते साहेबांच्या मेहुण्याचं. मुंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेहुणा म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. त्याने या कामाला बोट लावलं असेल तर शपथ!

"सुरेख झालंय," बाई मेहुण्याला म्हणाल्या. "फक्त ज्यात नायिका चालताना मध्येच थांबते, तो दुसरा टेक वापरू. त्याप्रमाणे धूळ बदलून दाखवा. मी बसते."

मेहुणा खुर्चीत बसला. अर्धा तास त्याने दिसेल ते बटण दाबलं, घाम पुसला, आणि शेवटी तुकडा चालवला. कण भराभर खाली पडू लागले. पडद्यावरच्या टेबलाखालच्या काळोखातही चमकत होते.

"हा तर बर्फ पडतोय," बाई म्हणाल्या. "आणि अंधारात धूळ कशी दिसली हो तुम्हाला?"

मेहुण्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब मागे वळले. "मुंगे, दे गं पटकन करून. दोन मिनिटांचं तर काम."

"अकरा दिवसांचं आहे," मुंगी म्हणाली. "आधी तिथलं नाव बदला."

"अगं, घरचंच आहे ना सगळं? नंतर बघू."

"घर तुमचं असेल. काम माझं आहे."

ती हाताची घडी घालून उभी राहिली. नोकरी गेली खड्ड्यात, नाव बदलल्याशिवाय ती त्या खुर्चीला हात लावणार नव्हती.

बाईंनी एकदा मेहुण्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "बदला," त्या साहेबांना म्हणाल्या.

साहेबांनी मेहुण्याला उठवलं, स्वतः बसले आणि त्याचं नाव खोडलं. कीबोर्डवर बोटं ठेवली, ती तशीच राहिली. मग मान न वळवता त्यांनी हळूच विचारलं, "मुंगे, तुझं खरं नाव काय गं?"

नाव लागलं की राग निवेल असं तिला वाटलं होतं. तो आत्ता कुठे खरा पेटला. चार वर्षं हा माणूस रोज दहादा तिला हाका मारत होता. तिने स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि बाहेरच्या जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.