गुंडी आणि डुगडुगते स्टूल

या, बसा! पण जरा बेताने बसा. मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे आणि मला तुम्हाला एक गंमत सांगायची आहे. कधीपासून ती माझ्या पोटात मावत नाही. स्टुलाला पोट कुठून आले, असे मात्र विचारू नका.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. मोठ्या दरवाजाचे काम उरकल्यावर जे लाकूड उरले, त्यातून त्याने मला घडवले. "उरल्यासुरल्याचं आहे, पण हत्ती बसला तरी हलणार नाही," असे तो छाती फुगवून सांगे. हत्ती काही आला नाही. आले ते शिंपीमास्तर. त्यांनी मला ठोकून पाहिले, वर बसून पाहिले, आणि खांद्यावर टाकून दुकानात नेले.

दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. खिडकीशी शिलाई मशीन, मागे कापड कापायचे टेबल, भिंतीशी गिऱ्हाइकांसाठी उभा आरसा आणि जमिनीवर चिंध्याच चिंध्या. मास्तर सकाळी माझ्यावर बसत ते दिवे लागेपर्यंत. "या स्टुलावर बसलं की हात आपोआप चालतो," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी फुशारून जात असे.

पण रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाई. तिच्यावर उभे राहून राहून माझा एक पाय खालून कुजला आणि त्याचा टवका उडाला. मी डुगडुगू लागले. मास्तरांनी एका चिंधीची घडी केली आणि त्या पायाखाली सरकवली. "उद्या नीट करतो," ते म्हणाले. तो उद्या काही उगवला नाही.

त्यांची बायको दवाखान्यात नर्स होती. ती म्हणायची, "अहो, हे स्टूल एक दिवस तुम्हाला पाडणार. फिरती खुर्ची आणा, आणि हे द्या जाळायला!" हे ऐकले की माझे उरलेले तीन पायही लटपटायचे.

अशात घरात बाळ आले. गोल, गुटगुटीत मुलगी! शिंप्याची लेक म्हणून सगळे तिला गुंडीच म्हणू लागले. काही महिन्यांनी आईची ड्यूटी सुरू झाली आणि दिवसभर गुंडी मास्तरांपाशी राहू लागली. मास्तरांच्या पाठीमागे दुपटे अंथरलेले असे. त्यावर गुंडी हातपाय झाडत पडलेली असे. आणि इथेच सगळा घोटाळा झाला. मास्तरांचे काम पुढे आणि लेक मागे!

गुंडी पहिल्यांदा पालथी पडली, तेव्हा मास्तर सुईत दोरा ओवत होते. ती बसायला लागली, तेव्हा ते कोणाच्या तरी खांद्याचे माप घेत होते. रांगली तेव्हा तर कमालच झाली. मास्तरांनी वळून पाहिले तर दुपट्यावर गुंडी नाही! त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. बाईसाहेब सापडल्या टेबलाखाली, तोंडात मोजायची टेप धरून.

"घरात असून बघितलं नाहीत?" आईने संध्याकाळी विचारले.

"माझ्या पाठीला डोळे आहेत का?" मास्तर म्हणाले. पण त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मग ते माझ्यावरून ताडकन उठले. "सगळं हुकलं माझं. पण ती पहिलं पाऊल टाकेल ना, ते मी बघणार म्हणजे बघणार!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीचा आरसा ओढत आणला आणि खिडकीशेजारी, मशीनच्या समोर उभा केला. आता हात मशीनवर आणि डोळे आरशात! मागची सगळी खोली त्यात दिसे. गुंडीलाही मोठाच शोध लागला. इतके दिवस तिने बाबांची नुसती पाठ पाहिली होती. आता तोंड दिसले! ती रांगत आरशाकडे गेली आणि काच चाटूनपुसून ओली केली. खरा बाप हाताच्या अंतरावर बसला होता, आणि ही आरशातल्या बाबाचे पापे घेत होती.

या आरशापायी शिलाईची मात्र वाट लागली. एकदा पोस्टमनकाका नवी पँट हातात घेऊन परत आले. "मास्तर, खिसा आहे, पण त्यात हातच जात नाही."

मास्तरांनी जीभ चावली. खिशाचे तोंडच शिवून टाकले होते. "काका, माफ करा. मी आरशात बघत होतो. गुंडी टेबलाला धरून उभी राहत होती हो!"

"मग खिशाचं राहू द्या. राहिली का उभी?"

"राहिली!" मास्तर ओरडले. काका इतके खूश झाले की पँट टेबलावर विसरून निघून गेले.

आणि मित्रांनो, माझेही नशीब उघडले! मास्तर माप घ्यायला उठले की गुंडी मला पकडे. माझ्या कडेला धरून उभी राही आणि मला ढकलत खोलीभर नेई. खडखड, खडखड! ज्या डुगडुगण्याला सगळे नावे ठेवत, तेच तिला भारी आवडायचे. मी तिची गाडी झाले होते. पायाखालची घडी मागेच राही; मग मास्तर मला जागेवर आणून ती पुन्हा सरकवत. पण मला सोडून पाऊल टाकायला ती तयार नव्हती. मास्तरांचे डोळे आरशाला चिकटलेले, आणि मला धास्ती की हिने पाऊल टाकले की उद्या मला कोण विचारणार.

तो दिवस उजाडला तेव्हा कोणाला काही कल्पना नव्हती. दुपारी पोस्टमनकाका पँट न्यायला आले. खिसा उसवून नीट केलेली पँट द्यायला मास्तर उठून दाराशी गेले. लगेच गुंडी माझ्याकडे आली. पण आज तिने मला ढकलले नाही. तिला माझ्या पायाखालची चिंधीची घडी दिसली. तिने ओढली. निघेना. तिने दोन्ही हातांनी ओढली, आणि घडी हातात आली! विजयी वीरासारखी ती रांगत टेबलाकडे गेली आणि टेबल धरून उभी राहिली.

मास्तर घाईने परत आले आणि खाली न बघता माझ्यावर बसले. मला ओरडून सांगायचे होते, पण स्टुलाचे ऐकतो कोण?

आरशात गुंडी दिसत होती. तिला घडी उलगडायची होती. त्यासाठी दोन्ही हात हवे होते. तिने टेबल सोडले. गुंडी कशालाही न धरता उभी होती!

"काका, बघा!" म्हणत मास्तर गर्रकन वळले. सगळा भार माझ्या मोडक्या पायावर आला. पायाखाली काही नव्हते. मी कलंडले, आणि मास्तर धपकन जमिनीवर!

"मास्तर, लागलं का?"

"लागलं! पण बोलू नका. हलू नका."

गुंडीने आरशात पाहिले. बाबा नाहीत! तिची हनुवटी थरथरली. आता ही मटकन बसणार आणि भोकाड पसरणार, असे मला वाटले. तेवढ्यात तिने खाली पाहिले. बाबा जमिनीवर होते! आख्खे बाबा, तिच्याच उंचीवर, तिच्याकडे तोंड करून. ती किंचाळली आणि तिने पाऊल टाकले. माझ्यासारखीच डुगडुगली. दुसरे टाकले. मग आणखी, आणखी! चिंधी बाबांच्या हातात कोंबली आणि त्यांच्या छातीवर कोसळली.

मास्तर रडत होते आणि हसतही होते. काकांनी रुमालासाठी चुकून हातातल्या नव्या पँटच्याच खिशात हात घातला, आणि या वेळी तो आत गेला.

संध्याकाळी आईने सगळे ऐकले आणि तिचे डोळे भरून आले. "माझं हुकलं," ती हळूच म्हणाली. मग मास्तर पुन्हा जमिनीवर बसले, तिलाही शेजारी बसवले आणि गुंडी दोघांकडे चालत आली. आईला आकाश ठेंगणे झाले. नंतर तिची नजर माझ्यावर गेली. "यानंच पाडलं ना तुम्हाला? आता तरी जाळायला द्या."

"याला हात लावायचा नाही," मास्तर म्हणाले. "इतके दिवस मी वर बसून तिची वाट बघत होतो. यानं मला खाली आणलं, तेव्हा ती आली."

मग ते करवत घेऊन मला दुरुस्त करायला बसले. शेवटी शिंपीच ते! कापताना थोडे जास्त सोडायची सवय. कापड आत दुमडता येते, लाकूड कुठले दुमडायला? तीन पाय लांबच राहिले. पुन्हा कापले, तर एक आखूड झाला. मग बाकीचे कापले. आई पोट धरधरून हसत होती. शेवटी मी अगदी ठेंगणे झाले, पण फरशीवर पक्के उभे राहिले.

आता मशीनपुढे फिरती खुर्ची आली आहे. गुंडीच्या फ्रॉकची शिवण मास्तर सारखी उसवून खाली सोडतात. या घरात ती वाढते आहे आणि मी एकटेच आखूड झाले आहे. मला त्याचे काही वाटत नाही. मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंचे पाय कोरडे ठेवा आणि मोडले की उद्यावर ढकलू नका, एवढेच माझे मागणे. आणि कोणी मोठे माणूस पाठ फिरवून कामात बुडालेले दिसले, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.

अरे, मशीन थांबले! उठा बघू आता माझ्यावरून. या वेळी मास्तर खुर्ची सोडून माझ्यावर बसतात. गुडघे कानाला लागतात त्यांचे, पण तोंड खोलीकडे असते. ती बघा, त्या टोकाला उभी आहे. हल्ली ती चालत नाही, धावतच येते. मास्तर, हात पुढे करा, आली!