बाबांच्या कमरेचं माप

भूक लागत नाही म्हणजे नेमकं काय होतं, हे मला कधी कळलंच नाही. मला रागातसुद्धा भूक लागते, आणि राग तर मला दिवसभर असतो. बाबा मात्र त्या लांबलेल्या तापातून उठून दवाखान्यातून घरी आले, ते भूक तिथेच विसरून आले. ताट पुढे ठेवलं की दुसऱ्या कुणाचं चुकून आपल्यापुढे आल्यासारखं बघायचे, दोन घास चिवडायचे आणि म्हणायचे, "झालं गं माझं."

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, मध्ये अंगाला भिंत घासेल एवढा जिना. गिऱ्हाइकाची मापं मी घेते, कापड बाबा लाकडी पट्टीने बेततात, मशीनवर दोघंही बसतो. घरात तिसरं माणूस नाही, त्यामुळे भांडायचं तरी एकमेकांशीच आणि रुसवा काढायचा तोही एकमेकांचाच.

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी आम्हाला दोघांनाही समोर बसवून सांगितलं, "भूक आहे का, असं त्यांना विचारायचंच नाही. नाहीच म्हणतील. गेलेली भूक आपण होऊन येत नाही, तिला सवयीने परत आणावी लागते. घड्याळ बघून वाढायचं. उठल्यावर थोडं, थोड्या वेळाने पुन्हा थोडं, असं झोपेपर्यंत. ताटली लहान घ्या, वाढा त्याहून लहान. जागा ठरलेली हवी. आणि जेवताना सोबत कुणीतरी बसायचंच. घास मोजायला नाही, सोबतीला."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणखी वजन उतरलं तर हृदयाला झेपणार नाही. जीवावर बेतेल. दर पंधरवड्याला वजनाला आणा. उतरत गेलं, तर दाखल करून पुन्हा नाकातून नळी घालावी लागेल."

नळी म्हटल्यावर बाबांनी माझा दंड धरला. तापात त्यांना ती घातली होती. ती काढू नये म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते, ते मी पाहिलं होतं. घरी येताना रस्त्यात ते एकच बोलले. "पोरी, काहीही कर, पण नळी नको."

"मग मुकाट्याने खा," मी म्हटलं.

आणि खायला लागले की. सकाळी दूध आणि अर्धं केळं, मग अंडं, मग मऊ भात, मग उकडलेला बटाटा मीठ-मिरी लावून. मी कपबशीतली बशीच ताटली म्हणून घेतली. खिडकीजवळच्या खुर्चीत ते बसायचे, समोर स्टुलावर मी. मी गिऱ्हाइकांच्या नकला करायची, ते हसताना एखादा घास आपसूक उतरायचा. "तू मला बाळसं आणणार आहेस का या वयात," असं म्हणायचे. मला वाटलं, जमलं आपल्याला. खरंच वाटलं.

वजनाला जायचं म्हणजे अर्धा दिवस रांगेत. दोनदा गेलो. तिसऱ्या वेळी बाबाच म्हणाले, "आपण शिंपी ना गं? काटा कशाला लागतो आपल्याला? कमरेचं माप घेत जा. उतरलो तर टेपला आधी कळेल." मला पटलं. माणूस तोंडाने काहीही सांगतो, कमरेवरून टेप फिरली की सगळं बाहेर येतं, हे मी रोज बघते. गिऱ्हाईक पोट आत ओढतं तेव्हा मी त्याला गप्पांत गुंतवते आणि श्वास सोडला की आकडा घेते. अशा बाईला कोण फसवणार? मी आहाराच्या बाईंना फोनवर ठसक्यात सांगायची, "माप जागच्या जागी आहे." त्या म्हणायच्या, "तरी वजनाला आणा." मी हो हो म्हणायची.

मग कामाचा ढीग पडला. शाळांचे गणवेश, कुणाचे कोट, कुणाच्या पँटी. मी गल्ल्यावर उभ्या उभ्या पाव खाऊ लागले आणि बाबा आपली बशी घेऊन पडद्यामागे जाऊ लागले. "तू गिऱ्हाईक बघ, माझं मी खातो, मी काय कुकुलं बाळ आहे का," म्हणाले. बशी रिकामी यायची, धुतलेली. मला बरंच वाटायचं.

पण काहीतरी बरोबर नव्हतं. दुपारच्या उकाड्यात ते स्वेटर घालून बसत. जिना चढताना मधल्या पायरीवर टेकत आणि मला बघितलं की चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं करत. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान गळून पडू लागलं, तर त्याला आतून दोरा गुंडाळून घेतला. गालांत खड्डे पडले. मी टेप घेऊन त्यांच्यामागे उभी राहायची, आकडा बघायची. तोच. पँटसुद्धा कमरेवर नेटकी बसलेली. वय झालं, दुसरं काय, असं मी स्वतःला सांगायची आणि टेप पुन्हा गळ्यात टाकायची. मध्येच कधीतरी ते दुकानासाठी नवी टेप आणत. "जुनी ताणली गं. मापं चुकतील." कात्रीला मात्र मला हात लावू देत नव्हते. बेतायचं काम माझं, म्हणायचे, तू घाई करतेस.

गेल्या आठवड्यात त्यांचे पाय सुजले. खाली उतरवेना. "जरा पडतो," म्हणाले. वकिलांचा कोट अडला होता, म्हणून मी घेतलेल्या मापांवरून तो मीच पट्टीने बेतला आणि कच्चे टाके घालून ट्रायलला तयार केला.

वकीलसाहेब म्हणजे आमचं जुनं, भलंथोरलं गिऱ्हाईक. कोट अंगात घातला आणि आरशात बघून त्यांची कळी खुलली. पोटावर कोट चक्क लोंबत होता. "बघितलंस? बायको म्हणते, तुमचं फिरणं म्हणजे नुसतं चौकातल्या बाकापर्यंत. दाखवतो आता तिला." ते वळून वळून स्वतःला बघत होते आणि मीही हसत होते. मग त्यांनी हात खाली सोडले. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या होत्या.

पोट उतरेल हो. हात कसे आखूड होतील?

मी हसायची थांबले. "साहेब, उद्या या," म्हटलं. ते गेले तसं मी दार लोटलं आणि बेतायच्या टेबलावर लाकडी पट्टी ठेवली. तिच्याशेजारी गळ्यातली टेप काढून लावली. पितळी टोक पट्टीच्या टोकाला भिडवलं. आयुष्यभर टेप वापरली, पण तिचं पहिलं टोक मी कधी बघितलं नव्हतं. कुणीच बघत नाही. आपण ते बोटात धरतो आणि दुसरीकडचा आकडा वाचतो. पितळी टोकाला लागून एक हा आकडाच नव्हता. दोनही नव्हता. टेप तीन इंचांच्या पुढे सुरू होत होती. कापून, टोक पुन्हा ठोकून बसवलं होतं. सुबक काम होतं, बाबांच्या हातचं.

म्हणजे मी घेतलेलं प्रत्येक माप वाढीव होतं, बाबांच्या कमरेचंही; पँट ते गुपचूप आत घेत होते. आणि बाबा बेतताना प्रत्येक कपड्यात तेवढं मनातल्या मनात कमी करत होते, म्हणून इतके दिवस एकही गिऱ्हाईक परत आलं नव्हतं. स्वतः अर्धपोटी असताना त्यांनी एकाचाही कपडा बिघडू दिला नव्हता.

मी त्यांचा खण उघडला. जुन्या टेपा गुंडाळून एकीवर एक ठेवल्या होत्या. एक एकच्या पुढे सुरू होणारी, एक दोनच्या पुढे. त्यांच्याखाली कागदात बांधलेली एक कोरी टेप होती. ती चारच्या पुढे सुरू होत होती. ती अजून वापरायला काढायची होती.

जिना कसा चढले ते मला आठवत नाही. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. ती टेप मी त्यांच्या मांडीवर टाकली.

"हे काय आहे?"

त्यांनी ती हातात घेतली, गुंडाळली, नीट कडा जुळवल्या. खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "नळी घातली असती गं त्यांनी."

"आणि ते खाणं? कुठे गेलं सगळं?"

"थोडं खायचो. खरंच खायचो. तू समोर असलीस की जायचं. एकट्याला घास वर यायचा." टेपची गुंडाळी त्यांनी मांडीवर ठेवली. "उरलेलं जिन्याखालच्या मांजरीला."

त्या मांजरीचं पोट वाढलेलं बघून, पिल्लं होणार म्हणून मी गोणपाट अंथरून दिलं होतं. मला संताप आला. त्यांना गदागदा हलवावं असं वाटलं. मी पुढे झाले, दोन्ही हातांनी त्यांना उठवायला गेले, आणि ते स्वेटरसकट माझ्या हातात आले. काहीच वजन नव्हतं. स्वेटरच्या आत आणखी एक स्वेटर, त्याच्या आत जाड सदरा, आणि त्याच्या आत बाबा कुठेतरी. मी त्यांना घट्ट धरलं तेव्हा माझे हात त्यांच्या पाठीमागून फिरून माझ्याच कोपरांना लागले. मी रडले. चिडून रडले. "तुम्ही मला फसवलंत. मी मेली टेप हातात घेऊन नाचत होते."

"तू खूश दिसायचीस," ते म्हणाले. "तेवढंच बरं वाटायचं."

मी आहाराच्या बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. पायांची सूज ऐकली तशा त्या म्हणाल्या, "हलवू नका. गाडी पाठवते. आणि आता भरमसाट काही खाऊ घालू नका, घोट-घास ठीक."

मी फोन ठेवला. बाबा माझ्याकडेच बघत होते.

"नळी घालतील?"

खोटं बोलणं सोपं होतं. "घालतील," मी म्हटलं. "हात बांधणार नाहीत. मी धरून बसेन."

त्यांनी स्वेटरच्या बाह्या मनगटांवर ओढून घेतल्या. मग लहान मुलाने म्हणावं तसं म्हणाले, "मी खाल्लं तर? तुझ्यासमोर. त्यांना दाखवता येईल, हा खातोय म्हणून."

सकाळचा मऊ भात होता. मी बशीत चमचाभर घेतला, गरम केला आणि समोर स्टुलावर बसले. त्यांनी चमचा स्वतः उचलला. एक शीत सांडलं नाही. घास तोंडात घातला आणि चावायला लागले. माझ्याकडे बघत, मान हलवत, जमतंय बघ असं डोळ्यांनी सांगत. मी वकीलसाहेबांची नक्कल करायला घेतली, आरशात वळून बघण्याची. बसल्या बसल्याच पोट पुढे काढलं. ते हसले. घास तिथेच होता.

"गिळा बाबा."

त्यांनी मान हलवली. चावत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, कपाळावर घाम आला, गळ्याचा मणी वर जायचा आणि तसाच खाली यायचा. मीही त्यांच्याबरोबर रिकामं तोंड हलवत होते. खाली रस्त्यावर गाडी थांबली, दारं उघडल्याचा आवाज आला, जिन्यावर बूट वाजू लागले. बाबांनी हाताने मला खूण केली, त्यांना जरा थांबायला सांग, आणि ते चावत राहिले.