झेंडा लागेपर्यंत

क्षमाचे बाबा मारोतराव रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरी बसून दोनच कामं करत, पेपर वाचणं आणि लेकीची काळजी करणं. लेक जनावरांची डॉक्टर. चांगली सरकारी नोकरी सोडून ती बूढ़ापाऱ्यातल्या एका संस्थेत गेली, तेव्हाच त्यांचं डोकं फिरलं होतं. पुढे एकदा मेंढपाळ आणि शेतकऱ्यांच्या लाठ्यांच्या मधे ती उभी राहिली हे कळल्यावर तर त्यांना अन्न गोड लागेना. "तुले काहून पाहिजे लोकायची भांडणं?" हा प्रश्न ते तिला भाजी वाढताना, चप्पल घालताना, कधीही विचारत.

भांडण वाईटच झालं होतं. कच्छकडचे रबारी मेंढपाळ उंट आणि मेंढ्या घेऊन या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या फिरतात. धान कापलं की रिकाम्या शेतात त्यांचा कळप बसतो. शेताला लेंडीखत मिळतं, मेंढ्यांना चारा मिळतो. पाऊस आपल्या वेळेवर जात होता तोवर सगळं सुरळीत चाललं. त्या वर्षी अवकाळीनं कापणी लांबली आणि कळप मात्र नेहमीच्या दिवसांत येऊन ठेपला. सेमरडीह गावच्या बिसाहू साहूचं उभं धान मेंढ्यांनी साफ केलं. बिसाहूचं डोकं फुटलं, सामतभाईच्या धाकट्या भावाचा हात मोडला.

सामतभाई रबाऱ्यांच्या त्या डेऱ्याचा म्होरक्या. त्याचं बालपण वर्धा-यवतमाळच्या रानात गेलेलं, त्यामुळे क्षमाशी तो वऱ्हाडीत बोलायचा, आणि तिच्याहून ठसक्यात बोलायचा. रायपुरात जन्मलेल्या क्षमाला त्याच्या तोंडून आपल्या आजोळची भाषा ऐकली की बरं वाटे. म्हणून असेल, हे भांडण मिटवायचंच असं तिनं मनावर घेतलं.

संस्थेच्या हॉलमध्ये दोन्हीकडच्यांना तिनं एकत्र बसवलं. भिंतीवर 'हवामान बदल आणि शांतता' असं मोठं बॅनर लागलं होतं. त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. समोसे संपले तरी माणसं एकमेकांकडे बघेनात, तेव्हा क्षमानंच मार्ग काढला. तारखा सोडा, ती म्हणाली. आता तारखांवर कुणाचा भरवसा राहिलेला नाही. शेतं रिकामी झाली की गावानं नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलावर पांढरा झेंडा लावायचा. झेंडा लागेपर्यंत कळपानं नहराच्या अलीकडच्या पडीत जमिनीवरच थांबायचं.

हे सगळ्यांना पटलं. पूर्वी सामतभाई काठी टेकत आधी गावात जायचा, बिसाहूच्या ओसरीवर बसायचा. मग 'मागच्या साली तुमची मेंढी माझ्या वाडीत घुसली' पासून सुरुवात व्हायची. दोघं तासभर हुज्जत घालायचे, बिसाहूची बायको चहा आणायची, आणि शेवटी परवानगी मिळायची. मारामारीनंतर तो ओसरीवर जाणार तरी कसा? क्षमा त्याला म्हणाली, "सामतभाई, आता कोणाच्या दारात जाऊन हात जोडायची गरज नाही. कोणाले काही मागायचंच नाही. झेंडा पाहायचा अन् पार व्हायचं." हे वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं की तिनं ते संस्थेच्या अहवालातही घातलं.

हिवाळा छान गेला. झेंडा लागला, कळप बसला, कुणी कुणाला शिवीसुद्धा दिली नाही. दिल्लीहून पाहुणे येऊन पुलाचे फोटो काढून गेले. मारोतरावांनी पेपरातलं चार ओळींचं कौतुक कापून ठेवलं आणि क्षमाला म्हणाले, "आता जीव भांड्यात पडला पोरी."

एप्रिलमध्ये एका सकाळी बिसाहूचा फोन आला. "दीदी, आप आ जाओ. भेड़ मर रहे हैं."

पुन्हा मारामारी झाली, असंच क्षमाला वाटलं. मारोतरावांनी "कोणाचा फोन?" विचारलं तेव्हा तिला खोटं बोलता आलं नाही. ते दारापर्यंत आले. स्कूटर काढून गुढ़ियारीतल्या ट्रकांच्या गर्दीतून वाट काढत ती शहराबाहेर पडली. सकाळचं ऊन असूनही अंग भाजत होतं. वाटभर ती पोलिसांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत राहिली.

नहराजवळ पोचली तर कुठे आरडाओरड नव्हती. नहर कोरडा पडला होता, पुलावर झेंडा नव्हता. पलीकडे उन्हाळी धान उभं होतं, अजून पुरतं पिकलेलंही नव्हतं. ते कापल्यावर बसायचं म्हणून कळप नेहमीच्या दिवसांत पुन्हा आला होता. यंदाही अवकाळीनं रोवणी मागे पडली होती. ऊन मात्र कधी नव्हे इतकं लवकर तापलं होतं. अलीकडच्या पडीत जमिनीवर मेंढ्या पडलेल्या होत्या. पिल्लांच्या आया आधी गेल्या होत्या, मग पिल्लं. जिवंत होत्या त्या एकमेकींच्या पोटाखाली सावलीसाठी डोकं खुपसून उभ्या होत्या. क्षमानं एकीचा जबडा उघडून पाहिला. जीभ लाकडागत कोरडी होती. रोग नव्हता, विष नव्हतं. पाणी नव्हतं.

बायका दूरच्या हापशावरून उंटावर हंडे लादून आणत होत्या. त्यात माणसं भागत होती, कळप कसा भागणार? आणि धानाच्या पलीकडे, पायवाटेनं थोडंसं चाललं की सेमरडीहचं तळं होतं. काठोकाठ नसलं तरी त्यात म्हशी डुंबत होत्या.

सामतभाई एका मेलेल्या मेंढीशेजारी उकिडवा बसला होता. क्षमाला पाहून तो उठला, पागोटं नीट केलं.

"मले फोन काहून नाही केला?" तिचा आवाज चढला.

"काय सांगू फोनवर, ताई?" तो म्हणाला. "झेंडा नव्हता लागला. आज लागंल, उद्या लागंल म्हणत होतो. मांगं जावं त नदीपर्यंत पिलं चालत नव्हती."

"गावात जायचं होतं. पाणी मागायचं होतं."

सामतभाईनं तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "तुमीच त म्हटलं ना ताई, मागायचं नाही. म्या शब्द देला होता."

बिसाहू ट्रॅक्टरला पाण्याची टाकी जोडून आला होता. गावातली पोरं घमेली भरून मेंढ्यांपुढे ठेवत होती. क्षमा धावत गेली. एकदम पिऊ देऊ नका, थोडं थोडं पाजा, असं ओरडत ती घमेली मागे ओढू लागली. तहानलेल्या मेंढ्या तिच्या हातावरून माना घालत होत्या. काही प्यायल्या आणि तगल्या. काही प्यायल्या आणि आडव्या झाल्या.

"बिसाहूभैया, तुम्हाला दिसलं नाही?" तिनं विचारलं. "रोज तर शेतावर येता."

"हव, दिखता था," बिसाहू म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "डेरा उधर खड़ा है, इधर नहीं आ रहा. हम सोचे, अच्छा है, समझौता मान रहे हैं. एक बार आके बोल देते दीदी, पानी के लिए कौन मना करता है?"

हे सामतभाईनं ऐकलं. दोघं एकमेकांपासून हाताच्या अंतरावर उभे होते. क्षमाला वाटलं, आता तरी यांनी भांडावं. सामतभाईनं बिसाहूची गचांडी धरावी, बिसाहूनं शिव्या घालाव्यात, काहीतरी व्हावं. पण दोघंही खाली पाहत राहिले. दोघांनीही तिचं ऐकलं होतं, अगदी तंतोतंत.

ऊन कलल्यावर डेरा उठला. उरलेला कळप इतका लहान होता की उंटच जास्त वाटत होते. "वर्ध्याकडं जातो," सामतभाई म्हणाला. "इकडं आता नाही जमणार." तिनं माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानंच हात जोडले. "तुमचं काही चुकलं नाही ताई. तुमचा करार चांगला होता."

क्षमा घरी आली तेव्हा मारोतराव फाटकापाशीच उभे होते. तिचे हात, डोकं, कपडे त्यांनी नीट निरखून पाहिले. कुठे खरचटलेलंही नव्हतं.

"भांडण झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. नाही झालं."

"मंग काहून रडून राहिली?"